सहा नमुने आणि तीस वर्षे : डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या इतिहासाबद्दल

भारतात एड्स शोधून काढणारी मराठी स्त्री, अशी डॉ. सुनीती सॉलोमन यांची ओळख समाजमाध्यमांवर जागतिक एड्स दिनाच्या सुमारास नव्याने फिरू लागते. ओळख लहान आहे, लक्षात राहणारी आहे आणि इतिहास म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रत्यक्ष काम करणारे हात तीत दिसत नाहीत. ज्यांच्या रक्तावर ते काम झाले त्या स्त्रिया तर मुळीच दिसत नाहीत. आणि विचित्र गोष्ट अशी, की खुद्द सॉलोमन यांचे खरे संशोधनही तीत नाही. हा धागा त्या ओळखीविरुद्ध आहे.

‘मराठी’ या शब्दाचा निकाल आधी लावून टाकू. सुनीती गायतोंडे यांचा जन्म मद्रासमधल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. शिक्षण मद्रास मेडिकल कॉलेजात झाले. विवाह हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी झाला. ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन १९७३ मध्ये त्या परतल्या, त्याही मद्रासलाच. तेथे सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट, तेथेच प्राध्यापकी, आणि जुलै २०१५ मध्ये मृत्यूही त्याच शहरात. आडनाव पाहून ऊर भरून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की या बाईंचे रुग्ण, विद्यार्थी आणि कर्मभूमी तमिळ होती. महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, पण तो अभिमानाचा नाही. तो पुढे येईलच.

आता ‘शोध’.

१९८५ च्या अखेरीस सॉलोमन यांनी निर्मला सेल्लप्पन या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधिकेसाठी एक विषय सुचवला : मद्रासमध्ये एड्सच्या विषाणूचा वावर आहे का, ते तपासावे. हा रोग पाश्चात्त्यांचा, स्वैराचाराचा, आपल्याकडे येणे नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण धारणा. अमेरिकेत रोग प्रथम समलिंगी पुरुषांत दिसला होता. भारतात उघडपणे वावरणारा तसा समुदाय नाही, म्हणून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासावे, असा सॉलोमन यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद त्या काळाला धरून होता, परंतु त्यात एक फट होती. समुदाय उघड नाही याचा अर्थ समलिंगी संबंध नाहीत असा होत नाही. ती फट बुजायला भारतीय साथरोगशास्त्राला पुढे बरीच वर्षे लागली, आणि तोवर ‘एड्स म्हणजे वेश्या’ हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले होते.

निर्मला तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. मद्रासमध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी ठरलेली वस्ती नव्हती. त्यामुळे त्यांनी पोलिसांनी पकडून आणलेल्या स्त्रियांना जेथे ठेवले जाई ती रिमांड होम गाठली. त्यांचे पती रामामूर्ती त्यांना स्कूटरवरून तेथवर सोडत. हातमोजे नव्हते. गोळा केलेले नमुने घरच्या फ्रीजमध्ये ठेवले जात. मद्रासमध्ये चाचणीची सोय नव्हती. ती सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवरच्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या पेटीत नमुने घालून हे दांपत्य रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि रिक्षाने वेल्लोरला पोचले. तेथे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत पी. जॉर्ज बाबू यांच्यासोबत निर्मलांनी एलायझा चाचणी लावली. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. मग त्याच सहा स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले, एरिक सिमोएस ते घेऊन अमेरिकेला गेले आणि तेथल्या अधिक काटेकोर चाचणीने निष्कर्ष पक्का झाला. तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी ही वार्ता विधानसभेत सांगितली.

१९८७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये याविषयी जो निबंध छापून आला, त्यावर सात नावे आहेत. पहिले सिमोएस यांचे. मग बाबू, जॉन, निर्मला आणि पाचवे सॉलोमन यांचे. नावांच्या क्रमावरून श्रेयाचा हिशेब मांडणे पोरकट आहे हे खरे; प्रयोगशाळांच्या जगात त्या क्रमालाही राजकारण असते. परंतु सात जणांच्या, दोन शहरांच्या आणि दोन खंडांच्या कामाचे रूपांतर ‘एका स्त्रीने लावलेल्या शोधा’त कसे होते, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. निर्मला यांनी प्रबंधिका सादर केली आणि पुढे गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामाला लागल्या. त्यांचे नाव सर्वदूर पोचायला तीस वर्षे जावी लागली. अलीकडे मात्र उलटे पारडे जड करण्याची हौस दिसते : खरी शोधकर्ती निर्मलाच, सॉलोमन यांनी श्रेय लाटले, असा सूर. हेही तितकेच उथळ. एका मूर्तीच्या जागी दुसरी बसवली म्हणून देव्हारा बदलत नाही.

मुळात ‘शोध’ हे क्रियापदच तपासावे. कोलंबसाने अमेरिका ‘शोधली’ असे आज कोणी जबाबदार इतिहासकार लिहीत नाही, कारण तेथे आधीपासून माणसे राहत होती. १९८६ च्या फेब्रुवारीआधीही विषाणू होता. त्या सहा स्त्रियांच्या शरीरात होता, आणि त्यांना तो देऊन गेलेल्या पुरुषांच्याही. शोध लागला तो सरकारला, वैद्यकाला आणि वृत्तपत्रांना. ज्यांना लागला त्यांची नावे नोंदली गेली. ज्यांच्यात लागला त्या आकडा होऊन राहिल्या.

त्या स्त्रियांना काय सांगितले गेले होते? निर्मला यांनी नंतर एका मुलाखतीत प्रांजळपणे सांगितले आहे की कशाची तपासणी चालली आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. रक्त गुप्तरोगांसाठी घेतले जात आहे अशी त्यांची समजूत होती. सांगूनही त्यांना कळले नसते, असे निर्मलांना वाटले होते. यात एका विद्यार्थिनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. त्या काळी भारतात रुग्णाची संमती ही बहुतेक ठिकाणी डॉक्टरच्या मर्जीची बाब होती, आणि विषय सुचवणाऱ्या मार्गदर्शकाची जबाबदारी विद्यार्थिनीहून मोठी होती. पण कोठडीतल्या माणसाचे ‘हो’ हे ‘हो’ नसते, एवढे तरी मान्य करावे लागेल. ज्या दाराच्या आत त्या होत्या, त्याची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

आणि पुढे काय झाले, हा या कथेचा सर्वांत वाईट भाग. शासनाने या शोधातून पहिला धडा घेतला तो तपासण्याचा आणि डांबण्याचा. तमिळनाडूत बाधित ठरलेल्या स्त्रियांना शासकीय गृहांतून सोडले जाईना. पत्रकार श्यामला नटराज यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे १९९० मध्ये त्यांच्या सुटकेचा आदेश झाला. त्याच वर्षी मुंबईच्या वेश्यावस्त्यांतून शेकडो तमिळ स्त्रियांना रेल्वेने मद्रासला धाडण्यात आले. त्या गाडीला ‘मुक्ती एक्स्प्रेस’ म्हणत. या मुक्तीच्या टोकाला रक्तचाचणी होती आणि पुन्हा कुलूप. महाराष्ट्राचा या कथेशी जो संबंध आहे तो हा. गोव्याचाही एक आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा हा रक्तदाता बाधित आढळला, म्हणून त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवले गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून घेतली होती. त्याच्या आईने, ल्युसी डिसूझा यांनी, तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने तरतूद वैध ठरवली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आधी कळलेच नसते तर? रक्तपेढ्यांतले रक्त तपासले गेले नसते, हजारो लोक केवळ रक्त चढवल्याने बाधित झाले असते, सरकार आणखी काही वर्षे ‘आमच्याकडे नाही’ म्हणत बसले असते. हे सारे खरे. १९८६ चे महत्त्व कोणीही नाकारू नये. वाद आहे तो वर्ष कोठे ठेवायचे याचा. आज ते शेवटी ठेवले जाते, कळस म्हणून. ते आरंभी ठेवायला हवे. चाचणीचा निकाल हाती आल्यावर दोन वाटा फुटल्या. एक वाट कुलपाकडे गेली. दुसरी कोठे गेली, हे सॉलोमन यांच्या उरलेल्या आयुष्यात पाहावे लागते, आणि ‘शोधकर्ती’ म्हणून त्यांचा गौरव करणारे नेमके तेथेच पुस्तक मिटतात.

काही वर्षे त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजातच एड्सविषयीचा गट चालवला. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन ही संस्था काढली. वायआरजी केअर म्हणून ती पुढे ओळखली गेली आणि तरमणीच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस रुग्णालयाच्या आवारात तिचे काम चाले. बाधित रुग्णाला हात लावायला डॉक्टर कचरत असतानाचे हे दिवस. घरातूनही विरोध होता. अशा रुग्णांमध्ये पत्नीने काम करू नये असे व्हिक्टर सॉलोमन यांना वाटे. त्यांचे म्हणणे एकदा ऐका, मग बोला, असे उत्तर त्यांनी दिल्याचे त्या सांगत. पेशाने त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, म्हणजे नमुन्यांच्या जगातल्या. पन्नाशी ओलांडल्यावर त्या रुग्णांच्या जगात आल्या. त्यांचे मोलाचे संशोधन या स्थलांतरानंतरचे आहे.

ते संशोधन चमकदार नाही. रोज येणाऱ्या रुग्णाची नोंद ठेवायची, वर्षानुवर्षे ठेवायची, आणि मग त्या नोंदी वाचायच्या. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत एड्सचे जे चित्र होते ते तिकडच्या रुग्णांवरून काढलेले होते. मद्रासच्या नोंदींनी दाखवले की दक्षिण भारतात बाधित माणसाला सर्वाधिक गाठतो तो क्षयरोग. डॉ. एन. कुमारसामी आदी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेले रोगाच्या वाटचालीचे हे अभ्यास वाचायला रूक्ष आहेत. पण कोणत्या रुग्णाला आधी कशासाठी तपासावे, हे ज्या डॉक्टरला ठरवायचे असते, त्याला १९८६ च्या सहा नमुन्यांपेक्षा या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

त्यांपैकी एक निबंध तर सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात लावावा असा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा विषय होता दक्षिण भारतातील बाधित स्त्रियांचे विवाह आणि एकनिष्ठा. संस्थेत आलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची माहिती त्यात तपासली होती. बहुतेक जणी गृहिणी होत्या. बहुतेकींचा आयुष्यभरात एकाच पुरुषाशी संबंध आला होता, आणि तो पुरुष म्हणजे त्यांचा नवरा. ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ असे भिंतीभिंतींवर लिहिणाऱ्या तेव्हाच्या प्रचाराला याहून सणसणीत उत्तर असू शकत नाही. या स्त्रिया एकनिष्ठच होत्या. १९८६ च्या अभ्यासाने नकळत बोट दाखवले होते ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे. चौदा वर्षांनी त्याच संशोधिकेच्या संस्थेने ते घरातल्या लग्नाकडे वळवले. आपल्याच पहिल्या गृहीतकाला आपल्याच नोंदींनी छेद देण्याचे धैर्य किती जणांत असते? आणि तरी लोकप्रिय कथेत हा निबंध नाही. ज्या समाजात ‘वेश्या’ हा शब्द वाचताच मान डोलावता येते, तेथे ‘नवरा’ हा शब्द गैरसोयीचा ठरतो.

औषधांचा भाग थोडक्यात. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने एड्सचे रुग्ण जगू शकतात हे १९९६ मध्ये सिद्ध झाले, पण त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ प्रक्रियेवर पेटंट देणाऱ्या १९७० च्या भारतीय कायद्याने वाट मोकळी ठेवली होती. त्या वाटेने मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये हाच उपचार स्वयंसेवी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. ती स्वस्त औषधे येण्यापूर्वी आणि आल्यानंतर आपल्या रुग्णांचे काय झाले, हे वायआरजीच्या नोंदींतून छापले गेले : मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घसरले होते. स्वस्त औषध दुय्यम असते, भारतातल्या रुग्णांना औषधे वेळेवर घेणे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा होता. केंद्र सरकारचा मोफत उपचार कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला, तोही केवळ आठ केंद्रांत.

प्रतिबंधाच्या संशोधनात अपयशेही आली, आणि ती लपवण्याचे कारण नाही. पाच देशांत चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात चेन्नईतले क्षेत्र म्हणून चक्क दारूची दुकाने निवडली होती. तेथे जमणाऱ्यांतल्या वजनदार मंडळींना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्या सोबत्यांशी बोलता बोलता सुरक्षित संबंधांची गोष्ट काढायची, अशी कल्पना. कल्पना रम्य होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांत धोक्याचे वर्तन घटले आणि प्रयोगाचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. दुसरे अपयश अधिक बोचरे. नवरा निरोध वापरत नसेल तर स्त्रीच्या हाती स्वतःचे एखादे साधन असावे, म्हणून सेल्युलोज सल्फेट जेलची चाचणी आफ्रिकेतील तीन देशांत व भारतात चेन्नई-बागलकोट येथे सुरू होती. जानेवारी २००७ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण अंतरिम आकडेवारीत जेल वापरणाऱ्या स्त्रियांत संसर्ग घटण्याऐवजी वाढल्याची शंका आली. त्या अपयशाच्या निबंधावर सॉलोमन यांचे नाव आहे. गौरवलेखांत तो निबंध सापडत नाही.

यश आले ते २०११ मध्ये. एचपीटीएन ०५२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, ज्यांतील एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही. भारतातली केंद्रे दोन शहरांत : चेन्नईत वायआरजी आणि पुण्यात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. प्रश्न असा की बाधिताला लवकर औषधे दिली तर जोडीदार वाचतो का? जोडीदाराकडूनच झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेले २८ संसर्ग आढळले. त्यांतला केवळ एक लवकर औषधे मिळालेल्या गटात होता. घट ९६ टक्के. उपचार हाच प्रतिबंध, हे जगाने स्वीकारले ते या आकड्यानंतर. नवरा-बायकोने मिळून दवाखान्यात यायचे, एकाचा आजार दुसऱ्यासमोर उघड करायचा आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहायचे, हे भारतासारख्या देशात एका पत्रकाने घडत नाही. त्यासाठी दवाखाना अठरा वर्षे उघडा असावा लागतो.

बाधितांची लग्ने जुळवण्याचा त्यांचा उद्योग माहितीपटाचा विषय झाला, म्हणून तो काहींना ठाऊक असतो. पण बहुधा गोड किस्सा म्हणून. त्याचा काळ मात्र पाहावा. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, अशा बाधिताचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असे म्हटले होते. २००२ मध्ये न्यायालयाने ते विधान अनावश्यक ठरवून मागे घेतले. ज्या देशात बाधिताने लग्न करावे की नाही हेच न्यायालयात लटकलेले होते, तेथे तरमणीत एक डॉक्टर दोन रुग्णांची जात, भाषा, शिक्षण आणि शिवाय रक्तातल्या पेशींची संख्या जुळवून पाहत होती. जातही पाहत होती, हे नमूद करायला हवे. समाजसुधारक म्हणून त्यांचे चित्र रंगवणाऱ्यांची येथे थोडी पंचाईत होते.

जानेवारी २०१७ मध्ये सॉलोमन यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातील पाचव्या कलमानुसार माणसाला नीट समजावून, त्याची संमती घेतल्याविना ही चाचणी करता येत नाही. सहाव्या कलमात निनावी पाहणीपुरती सवलत आहे, पण तेथेही ज्यांचे रक्त घेतले जाते त्यांना पाहणीचा हेतू सांगावा लागतो. मद्रासच्या रिमांड होममधल्या त्या सहा जणींपैकी एकीचेही नाव, पद्मश्रीच्या वेळी आलेल्या लेखांत नव्हते आणि १९८७ च्या निबंधातही नाही. गोपनीयतेपोटी ते योग्यच आहे. मात्र त्यांना निकाल कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितला, त्यांना औषध मिळेपर्यंत त्यांच्यातली एक तरी जगली का, हे विचारायला नाव लागत नाही.